एकाचा अर्ज आणि चौतिसांचा अर्ज

महिन्याचा शेवट आला की आपल्या मोबाईलवर बँकेचा निरोप येतो. पगार जमा झाला. मग आपण सोसायटीचा हप्ता, मुलांची फी आणि वाण्याची उधारी यांचा हिशेब मांडतो. पगार कमी पडतो, महागाई भत्ता उशिरा मिळतो, ही आपली तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण पगारच आला नाही, अशी वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर आली असेल.

ज्या फलाटावर आपण ड्यूटी करतो, त्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या बाईला विचारून पाहा. डबे धुणाऱ्या पोराला, टपालाच्या थैल्या गाडीत चढवणाऱ्या कंत्राटी माणसाला विचारून पाहा. "मागच्या महिन्याचा झाला का?" उत्तर बहुतेक वेळा एकच येते, "देतो म्हणालाय."

या "देतो म्हणालाय"बद्दल मला आज लिहायचे आहे. मी काही वकील नाही. दहावी पास होऊन रेल्वेत लागलेला माणूस आहे. पण युनियनच्या कामात कायद्याची पुस्तके चाळावी लागली आणि ठेच लागून काही गोष्टी कळल्या. त्या तुमच्यापुढे ठेवतो.

आधी माझी चूक सांगतो. साधारण २००९ सालची गोष्ट. आमच्या जंक्शनवर एका कंत्राटदाराकडे अकरा जण डबे धुण्याचे काम करीत. त्यांची दोन महिन्यांची मजुरी थकली. ते माझ्याकडे आले. मी तेव्हा शाखेत नवीन पदाधिकारी होतो. मी त्यांना म्हणालो, "थांबा, मी बोलतो त्याच्याशी." बोललो. कंत्राटदार गोड माणूस. चहा पाजला आणि पुढच्या बिलात सगळे चुकते करतो म्हणाला. पुढचे बिल आले, त्याच्या पुढचेही आले. आम्ही बोलत राहिलो, तो चहा पाजत राहिला. शेवटी कंत्राट संपले, माणूस निघून गेला. मग आम्ही अर्ज करायला निघालो, तेव्हा कळले की त्या वेळच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे दावा बारा महिन्यांच्या आत करावा लागतो. आमचे चौदा महिने होऊन गेले होते. उशीर माफ करण्याची सोय कायद्यात होती, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. "सेक्रेटरी चहा पीत होते" हे कारण चालत नाही. अकरा जणांचे पैसे बुडाले. ते कंत्राटदाराने बुडवले हे खरे. पण मुदत मी घालवली, हेही तितकेच खरे आहे.

त्या अकरांपैकी एक जण पुढे बरीच वर्षे स्टेशनबाहेर रिक्षा चालवीत असे. मला पाहिले की नमस्कार करी. तो नमस्कार मला शिवीपेक्षा जास्त लागत असे.

पाच वर्षांनी तसाच प्रसंग पुन्हा आला. कंत्राटदार नवा, काम तेच. चौतीस माणसे, त्यांत एकोणीस बायका. तीन महिन्यांची मजुरी थकलेली. बँकेत खाती होती, पण एटीएम कार्डे मुकादमाच्या खिशात. वेतनचिठ्ठी कोणी पाहिलेली नाही. या वेळी मी चहा प्यायलो नाही. शाखेची सभा बोलावली.

सभेत काय झाले ते मोकळेपणाने सांगतो, कारण तुमच्याही शाखेत तेच होईल. एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "ही माणसे आपली सभासद नाहीत. वर्गणी आपण भरायची आणि सेक्रेटरीने कंत्राटदाराच्या माणसांसाठी कोर्टाचे जिने चढायचे, हे कुठले?" दुसरे म्हणाले, "आपली प्रमोशनची केस अडली आहे, क्वार्टर गळताहेत, ते बघा आधी." दोघेही वाईट माणसे नव्हेत. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे भाग होते. ते उत्तर पुढे देतो.

त्या सभेला बाहेर व्हरांड्यात चार सफाईवाल्या बसून होत्या. सभा संपल्यावर मी त्यांना म्हणालो, "एकेकीने अर्ज करायचा की सगळ्यांनी मिळून, ते तुम्ही ठरवा." त्यांतल्या वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, मी एकटी गेले तर उद्यापासून मला कामावर घेणार नाही. चौतीस गेलो तर गाडी कोण धुणार?"

सगळ्या चळवळीचे सार त्या बाईने एका वाक्यात सांगितले. एकट्याचा अर्ज म्हणजे मालकाच्या हातात दिलेले नाव. चौतिसांचा अर्ज म्हणजे मालकापुढे उभा राहिलेला प्रश्न.

आणि कायद्याने हा मार्ग मोकळा ठेवलेला होता. १९३६ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे एकाच आस्थापनेतील, एकाच कालावधीचे वेतन थकलेल्या कितीही कामगारांना मिळून एकच अर्ज करता येत असे. कलम १५ प्रमाणे कामगाराने लेखी अधिकार दिला, तर नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारी तो अर्ज करू शकत असे. वकील लावलाच पाहिजे असे नव्हते. शिवाय १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वच्छ लिहिले होते की कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर मुख्य मालकाने ती द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी.

आम्ही तीन कामे केली. पहिले, संबंधित कार्यालयाला पत्र दिले की मजुरी थकली आहे, कंत्राटदाराचे शेवटचे बिल आणि अनामत रक्कम सोडू नका. सोडली तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येईल. त्या पत्रावर आवक शिक्का आणि तारीख घेतली. दुसरे, चौतीसही जणांची सही किंवा अंगठा घेऊन अधिकारपत्र केले. तिसरे, पुरावा गोळा केला.

पुराव्याची गोष्ट महत्त्वाची आहे. हजेरीपट कंत्राटदाराकडे, आणि तो म्हणत होता की ही माणसे माझ्याकडे इतके दिवस नव्हतीच. एका बाईने घरच्या भिंतीवरील कॅलेंडरवर कामाच्या प्रत्येक दिवशी फुली मारून ठेवली होती. कोणाकडे यार्डात जाण्याचे पास होते. पण खरा पुरावा आपल्याच माणसांकडे होता. गाडी धुऊन झाली की आपला कायम कर्मचारी वहीत शेरा मारतो, किती माणसे होती ते लिहितो, सही करतो. ती वही रेल्वेची. त्या वहीवर सही करणाऱ्या तिघांपैकी दोघे साक्ष द्यायला तयार झाले. तिसरे म्हणाले, मला बदली नको आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दोघांची आठवण ठेवतो. त्यांतले एक तेच जुने सभासद होते, ज्यांनी सभेत पहिला आक्षेप घेतला होता.

केस एक वर्ष आठ महिने चालली. मधल्या काळात कंत्राटदाराने तिघांना निम्मे पैसे देऊन फोडले. उरले एकतीस. मावशींनाही निम्म्याचा निरोप आला होता. त्या म्हणाल्या, "निम्मं काम केलं असतं तर निम्मं घेतलं असतं." शेवटी आदेश झाला आणि अडवून ठेवलेल्या रकमेतून एकतीस जणांना तीन महिन्यांची पूर्ण मजुरी व वर थोडी भरपाई मिळाली. फार मोठी रक्कम नव्हती. पण तो दिवस मी विसरत नाही. बँकेच्या दारात मुकादम नव्हता, कार्ड ज्याच्या त्याच्या हातात होते.

आता त्या सभेतील प्रश्नाचे उत्तर. कंत्राटी माणसांसाठी आपण का झिजायचे?

साथींनो, हिशेब मांडा. कंत्राट सर्वांत कमी दराला जाते. दर कमी कसा होतो? साबण स्वस्त मिळतो म्हणून नव्हे. मजुरी कापली जाते, बुडवली जाते, प्रॉव्हिडंट फंड भरला जात नाही, म्हणून दर कमी होतो. आणि मग वरचे कार्यालय म्हणते, हे काम कंत्राटाने इतक्या स्वस्तात होते, कायम पदे कशाला ठेवायची? पदे सरेंडर होतात ती अशी. दुसऱ्याच्या बुडवलेल्या मजुरीवर आपल्या पदाची किंमत ठरते. सफाईवालीची मजुरी वसूल करणे म्हणजे दया नव्हे. आपल्या मुलांना रेल्वेत किंवा टपालात कायम नोकरी मिळावी, यासाठी केलेली ती राखण आहे.

दुसरे म्हणजे, आपण स्वतः कुठून आलो ते विसरू नये. १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला तो १९३१ साली आलेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालानंतर. त्या आयोगावर आपले ना. म. जोशी सभासद होते. पगार वेळेवर न देणे आणि दंडाच्या नावाखाली तो कापणे, हा त्या काळी रिवाज होता. तो कायदा सुरुवातीला लागू झाला तो कारखान्यांना आणि रेल्वेला, तोही महिना २०० रुपयांहून कमी पगार असलेल्यांना. म्हणजे पगार बुडण्याची भीती ज्यांना होती, त्यांत रेल्वे कामगार पहिल्या रांगेत होता. आज ती भीती आपल्याला नाही, कारण कोणीतरी तेव्हा आपल्यासाठी बोलले.

आणि रोजंदारीचे म्हणाल, तर आपल्या खात्यांचा इतिहास रोजंदारीचाच आहे. टपाल आणि तार खात्यात वर्षानुवर्षे काम करणारे रोजंदारी कामगार एकत्र होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यायालयाने सांगितले की तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या वेतनश्रेणीतील किमान वेतनाइतके वेतन यांना ५ फेब्रुवारी १९८६ पासून द्या, आणि सतत एक वर्षाहून अधिक काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना करा. रेल्वेच्या प्रकल्पांवरील हंगामी कामगारांचा प्रश्नही १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात असाच सुटला. प्रकल्पावर सलग ३६० दिवस भरलेल्यांना टप्प्याटप्प्याने तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा दर्जा देण्याची योजना रेल्वेला न्यायालयापुढे मांडावी लागली, आणि तिची तारीख १ जानेवारी १९८४ ऐवजी १ जानेवारी १९८१ अशी मागे नेऊन न्यायालयाने जास्त माणसे आत घेतली. या लेखाच्या वाचकांत असे अनेक असतील, ज्यांचे वडील त्या योजनेत कायम झाले. त्यांचे वडील तेव्हा कोणाचेच सभासद नव्हते, असे म्हणून युनियन घरी बसली असती तर?

दिल्लीच्या एशियाड खेळांचे बांधकाम चालू होते तेव्हाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. मध्ये बसलेले जमादार माणशी एक रुपया कापून ८ रुपये २५ पैसे हातावर ठेवीत. एका नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले, तेच पत्र याचिका म्हणून घेतले गेले. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरी आहे. कंत्राटदार मध्ये आहे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हेही सांगितले. रोजचा एक रुपया! पण त्या एका रुपयाने सगळ्या देशातील मजुरांना एक ढाल मिळवून दिली.

आपल्या कायम माणसांचाही एक मोठा लढा आहे. गार्ड, ड्रायव्हर या रनिंग स्टाफच्या निवृत्तिवेतनात रनिंग भत्त्याचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग धरला जात असे. १९८८ साली अधिसूचना काढून तो मागील तारखेपासून कमी केला गेला. १९७३ ते १९७९ या काळातील निवृत्तांसाठी ४५ टक्के, पुढे ५५ टक्के. निवृत्त माणसाला मिळालेला हक्क मागे जाऊन काढून घेतला. निवृत्तांनी ठिकठिकाणच्या न्यायाधिकरणांत अर्ज केले, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रंगधामय्या खटल्यात तो मागील तारखेचा बदल रद्द ठरवला. म्हातारी माणसे होती, पण सुटी सुटी राहिली नाहीत म्हणून टिकली.

आता आजचा कायदा काय आहे ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत विलीन झाले. कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला आहे आणि त्याला कारणे आहेत. एकच उदाहरण देतो. १९७० चा कायदा वीस कंत्राटी कामगारांपासून लागू होत असे. नव्या संहितेतील कंत्राटी कामगारांचा भाग पन्नासपासून लागू होतो. म्हणजे माझ्या त्या चौतीस माणसांना कलम २१ ची जी ढाल होती, तीच आता चौतिसांच्या कंत्राटाला नाही. चाळीस माणसांची दोन कंत्राटे करा आणि मोकळे व्हा, असे ते दार आहे. याला विरोध केलाच पाहिजे.

पण विरोध आहे म्हणून हातात आलेले हत्यार फेकून देणे शहाणपणाचे नाही. २०१९ च्या वेतन संहितेत काही कलमे कामगाराच्या उपयोगाची आहेत, ती प्रत्येक शाखेला पाठ असली पाहिजेत.

मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत दिले पाहिजे. कामावरून काढले किंवा राजीनामा दिला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. दावा करण्याची मुदत आता तीन वर्षे आहे. ही मुदत २००९ साली असती तर माझे अकरा जण बुडाले नसते. दावा कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद आहे ती युनियन करू शकते, किंवा निरीक्षक करू शकतो. कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. प्राधिकाऱ्याला थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देता येते. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. रक्कम भरली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट कलम ५९ मध्ये आहे. वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कॅलेंडरवरील फुल्या दाखवून मावशींनी सिद्ध करायचे नाही. दिल्याची पावती मालकाने दाखवायची.

एक शब्द नीट वाचा. युनियन दावा करू शकते, पण "कामगार ज्या युनियनचा सभासद आहे" ती. म्हणून सभेतील त्या आक्षेपाला आता कायद्यानेच उत्तर दिले आहे. "ही माणसे आपली सभासद नाहीत" असे म्हणत बसायचे नाही. त्यांना सभासद करायचे. आपल्या घटनेत अडचण असेल तर घटना दुरुस्त करायची, किंवा कंत्राटी कामगारांची वेगळी युनियन नोंदवून ती महासंघाला जोडायची. मजुरी थकल्यावर नव्हे, आधी.

कायम कर्मचाऱ्यांचे दार वेगळे आहे. वेतन संहितेतील वेतन देण्याविषयीचे प्रकरण सरकारी आस्थापनांना, सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय, लागू नाही. तेव्हा आपला ओव्हरटाइम, रात्रपाळी भत्ता, चुकीची वेतननिश्चिती, नियमबाह्य वसुली यांसाठी आपल्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला कॅट म्हणतो तिकडे जावे लागते. तिथेही एकत्र जाता येते. १९८७ च्या कार्यपद्धती नियमांतील नियम ४ (५) प्रमाणे कारण आणि मागणी समान असेल, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने अनेकांना एकच अर्ज करता येतो. संघटनाही अर्ज करू शकते, मात्र बाधित झालेला निदान एक कर्मचारी सोबत अर्जदार हवा. मुदत मात्र कडक आहे. अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदन दिले आणि सहा महिने उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. दर महिन्याला चुकीचा पगार मिळत असेल तर उशिरा गेले तरी दाद मिळू शकते, पण २००८ च्या तरसेमसिंग निकालानुसार साधारणपणे मागील तीनच वर्षांची थकबाकी हाती लागते. म्हणजे जितके वर्ष थांबाल, तितक्या वर्षाचे पैसे सोडाल.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊबंद खासगी गिरण्या-कारखान्यांत आहेत. कंपनीचे दिवाळे निघाले की त्यांची थकबाकी बुडते. त्यांच्यासाठी एक निकाल सांगतो. कानपूरच्या एका ज्यूट गिरणीतील सुमारे तीन हजार कामगारांच्या देण्यासाठी त्यांच्या युनियनने दिवाळखोरी कायद्याखाली मागणी केली. खालच्या दोन्ही न्यायाधिकरणांनी सांगितले की युनियनला अर्ज करता येणार नाही, प्रत्येक कामगाराने आपापला करावा. ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवले. नोंदलेली युनियन आपल्या सभासदांच्या वतीने अर्ज करू शकते असे ठरले. पुढे मार्च २०२० मध्ये या कायद्याखालील थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाली. आता सांगा, कोणत्या एका कामगाराचा एक कोटी पगार थकतो? एकत्र आल्याशिवाय ते दार उघडतच नाही.

शाखांनी काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

आपल्या स्टेशनवर, यार्डात, सॉर्टिंग कार्यालयात किती कंत्राटे आहेत, कंत्राटदार कोण, माणसे किती, कंत्राट कधी संपते, याची वही प्रत्येक शाखेने ठेवावी. दर महिन्याच्या आठ तारखेला एका पदाधिकाऱ्याने चौकशी करावी: मजुरी झाली का? पंधरा तारखेपर्यंत झाली नाही तर तोंडी नव्हे, लेखी पत्र द्यावे आणि आवक शिक्का घ्यावा. कंत्राट संपण्याआधी दोन महिने हे काम डोळ्यांत तेल घालून करावे, कारण पैसा बुडतो तो शेवटच्या महिन्यांत. हजर दिवसांची नोंद प्रत्येक कामगाराने स्वतः ठेवावी. लिहिता येत नसेल तर आपल्या माणसाने लिहून द्यावी. एटीएम कार्ड कोणाच्याही हाती देऊ नये. वेतनचिठ्ठी मागावी, ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करू नये. आणि एकदा एकत्र अर्ज केला की कोणी एकट्याने तडजोड करायची नाही, हे पहिल्याच सभेत सर्वांकडून वदवून घ्यावे. आमचे तिघे फुटले, कारण ते आम्ही वदवून घेतले नव्हते.

कोणी म्हणेल, कोर्टकचेरीत वर्षे जातात, त्यापेक्षा काम बंद करावे. मी काम बंद करण्याच्या विरुद्ध नाही. १९७४ च्या मेमध्ये वीस दिवस रेल्वे थांबली होती, तेव्हा मी लहान होतो. क्वार्टर सोडावे लागलेल्यांच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. पण कंत्राटी माणसाने एकट्याने काम बंद केले तर दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. अर्ज आणि आंदोलन या दोन वेगळ्या वाटा नाहीत. चौतिसांच्या अर्जामागे चारशे कायम कामगार दारसभेला उभे राहिले, म्हणून त्या कार्यालयाने बिल अडवले. नुसत्या कागदाने ते झाले नसते. आणि नुसत्या घोषणेने पैसे बँकेत आले नसते. कायदा हे कुलूप आहे, पण किल्ली फिरवायला हात लागतो, आणि तो एकट्याचा पुरत नाही.

इटारसीला असा, वाडीला असा, सुरतेला किंवा खरगपूरला असा, आपण मराठी रेल्वे आणि टपाल कामगार जिथे आहोत तिथे आपल्या शेजारी कोणीतरी "देतो म्हणालाय" म्हणत काम करतो आहे. त्याची भाषा कदाचित वेगळी असेल. त्याचा महिना आपल्याइतकाच तीस दिवसांचा असतो.

तो रिक्षावाला आता दिसत नाही. गावी गेला असे कळले. त्याचे दोन महिन्यांचे पैसे मी त्याला मिळवून देऊ शकलो नाही आणि आता देऊ शकणारही नाही. पण उद्या आठ तारीख आली की तुमच्या फलाटावरील माणसाला एक प्रश्न विचारा: "मजुरी झाली का?" आणि उत्तर "देतो म्हणालाय" असे आले, तर चहा पिऊ नका. कागद काढा आणि सगळ्यांना बोलवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!